गर्दीचा आवाज खरा असतो का?

वाचकांचे प्रश्न, ध्वनिसंयोजकाची उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. प्रसिद्ध गायकाच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण कसे होते, त्यात खरे किती आणि मागाहून घातलेले किती, आणि आपण स्वतः केलेले मुद्रण इतके निराशाजनक का निघते, असे सर्वांचे विचारणे आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जगभरातील कलावंत येऊ लागल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईतील घराघरांत या विषयावर बोलले जाते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे, कारण इतर पत्रांतील बऱ्याच शंका त्यातच येऊन जातात.

प्रश्न : माझ्या दिवंगत मामांच्या कपाटात मायकल जॅक्सनच्या बुखारेस्ट येथील कार्यक्रमाची डीव्हीडी सापडली. 1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मामा ठाण्याहून गेले होते आणि त्या रात्रीविषयी ते अखेरपर्यंत बोलत असत. डीव्हीडी घरी सर्वांनी मिळून पाहिली, तेव्हा माझा मुलगा म्हणाला की यातील गर्दीचा आवाज मागाहून चिकटवलेला आहे आणि गायकही नुसते ओठ हलवतो आहे. मला फार वाईट वाटले. खरे काय समजावे?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ती डीव्हीडी आपण पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावावी आणि पहिली काही मिनिटे डोळे मिटून ऐकावीत, अशी माझी विनंती आहे. 1 ऑक्टोबर 1992 च्या त्या रात्री बुखारेस्टच्या नॅशनल स्टेडियमवर जॅक्सन रंगमंचाखालून झेप घेऊन वर येतो आणि त्यानंतर जवळपास दोन मिनिटे काहीच करत नाही. तो गात नाही, नाचत नाही, पुतळ्यासारखा उभा राहतो; मग एका झटक्यात मान वळवतो, पुन्हा थांबतो, आणि शेवटी सावकाश डोळ्यांवरचा काळा चष्मा काढतो, तेव्हा कुठे पहिले गाणे सुरू होते. या वेळात ऐकू येतो तो फक्त हजारो लोकांचा आवाज. तो एकसारखा नसतो हे डोळे मिटल्यावर लगेच कळते. मान वळली की तो उसळतो, थोडा ओसरतो, चष्म्याकडे हात गेला की पुन्हा चढतो, आणि जवळच्या किंकाळ्या व दूरच्या स्टँडमधील गाज यांतला फरकही जाणवतो. गायकाने काहीही न करता एवढी दाद घेतलेली मी दुसऱ्या कोणत्याही मुद्रणात ऐकलेली नाही.

आता हा आवाज पकडतात कसा, ते सांगतो. रंगमंचावरील प्रत्येक माईक आणि प्रत्येक वाद्याचा संकेत तारेतून खाली येतो, तेव्हा त्याच्या तीन वाटा केल्या जातात. एक वाट मैदानाच्या मध्यभागी बसलेल्या मुख्य ध्वनिसंयोजकाकडे जाते, कारण प्रेक्षकांना काय ऐकू जाईल हे तो ठरवतो. दुसरी वाट रंगमंचाच्या कडेला बसलेल्या माणसाकडे जाते, आणि तो कलावंतांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवतो. तिसरी वाट मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत जाते, जिथे गायकाचा आवाज, ड्रमचा प्रत्येक भाग, बेस, गिटार, की-बोर्ड असे सर्व काही वेगवेगळ्या ट्रॅकवर साठवले जाते. आजच्या हिशेबाने सांगायचे, तर 48 ट्रॅक 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ या दर्जाने मुद्रित केले, तर तासाला सुमारे 25 गिगाबाइट जागा लागते. या ट्रॅकांवर प्रेक्षक मात्र जवळजवळ नसतातच. गायकाच्या हातातील माईक त्याच्या ओठांपासून दोन बोटांवर असतो, आणि दूरचे काही ऐकू नये यासाठीच तो तसा घडवलेला असतो. म्हणून प्रेक्षकांसाठी वेगळे माईक लावावे लागतात. त्यांतील काही रंगमंचाच्या कडेला, स्पीकरकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून लावतात, तर काही मैदानाच्या मध्यावर, ध्वनिसंयोजकाच्या मचाणाजवळ असतात.

इथून पुढचे काम चित्रपटाच्या संपादनासारखे असते. मध्यावरचा माईक रंगमंचापासून 50 मीटर दूर असेल, तर गायकाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला सुमारे 0.145 सेकंद लागतात. ऐकायला हे अंतर क्षुल्लक वाटते, पण मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत ते एका मात्रेच्या पाव भागाहून जास्त भरते. तो ट्रॅक जसाच्या तसा मिसळला, तर ढोल दोनदा वाजल्यासारखा वाटतो आणि सगळे मुद्रण विहिरीत केल्यासारखे भासते. म्हणून तो ट्रॅक तेवढा आधी सरकवून जुळवून घेतात. गर्दीचा आवाज कुठे वाढवायचा आणि कुठे उतरवायचा, हेही पुढे शांतपणे बसून ठरवले जाते. एका गाण्यानंतरच्या टाळ्या नीट मुद्रित झाल्या नसतील, तर दुसऱ्या गाण्यानंतरच्या टाळ्या तिथे आणून जोडण्याची पद्धत या व्यवसायात सर्रास आहे. आपल्या मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे, आणि त्याने कान उघडे ठेवून ऐकले याबद्दल त्याला माझी शाबासकी सांगावी.

ओठ हलवण्याविषयीही सरळ सांगतो. जॅक्सनच्या दौऱ्यांत काही गाण्यांच्या वेळी आधी मुद्रित केलेला आवाज वापरला जात असे, आणि मामांनी ज्या दौऱ्यातला कार्यक्रम पाहिला, त्या 1996-97 च्या हिस्टरी दौऱ्यात हे प्रमाण बरेच वाढले होते, हे त्याचे निष्ठावान चाहतेही मान्य करतात. तरीही बुखारेस्टच्या मुद्रणात प्रत्यक्ष गायलेले काय आहे, ते कानांनी ओळखता येते. नाचानंतर लगेच गायलेल्या ओळीत धाप ऐकू येते का, ते पाहावे. श्वास शब्दाच्या मध्येच तुटतो का, माईक तोंडापासून दूर गेल्यावर आवाज पातळ होतो का, मूळ ध्वनिमुद्रिकेत नसलेली एखादी जागा, एखादी हाक तो मध्येच घेतो का, याकडे लक्ष द्यावे. संथ गाण्यांत या खुणा अधिक सहज सापडतात, कारण तिथे नाचाचे ओझे नसते. जिथे आवाज मूळ मुद्रिकेशी श्वासासकट तंतोतंत जुळतो आणि अंग मात्र गरगर फिरत असते, तिथे आधीच मुद्रित केलेला आवाज आहे असे समजायला हरकत नाही.

चाहत्यांना फारशी ठाऊक नसलेली आणखी एक खूण आहे. कार्यक्रमानंतर गायकाने स्टुडिओत एखादी ओळ पुन्हा गायली आणि ती मूळ ओळीच्या जागी बसवली, तरी त्या रात्री मैदानातील स्पीकरांतून वाजलेली जुनी ओळ प्रेक्षकांच्या माईकांत अडकून राहिलेली असते. ती सहजासहजी काढता येत नाही. नवी ओळ जराशी लवकर किंवा उशिरा गायली गेली, तर चांगल्या हेडफोनवर तिच्यामागे जुन्या ओळीची सावली ऐकू येते. ती लपवायची, तर तेवढ्या भागापुरता गर्दीचा आवाज खाली घ्यावा लागतो, आणि मग ऐन रंगात आलेले मैदान एकाच ओळीपुरते अचानक दूर गेल्यासारखे वाटते. अशी जागा सापडली, की तिथे दुरुस्ती झाली असावी असा संशय घ्यायला जागा असते.

एवढे सगळे असूनही मी या मुद्रणांना खोटे म्हणत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच संगीतात आहे. बैठकीचे मुद्रण ऐकताना गायकाने सम गाठल्यावर समोरून येणारी ‘क्या बात है’ आपल्याला कधी अडथळा वाटत नाही. उलट ती दाद कापून टाकली, तर तान अर्धवट राहिल्यासारखी वाटते, कारण गायकाने पुढची जागा त्या दादेला उत्तर म्हणून घेतलेली असते. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ही असाच होता, पद किती वेळ चालणार, हे समोरच्या प्रेक्षागृहातूनच ठरत असे. 1974 मध्ये लता मंगेशकर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या आणि त्या कार्यक्रमाच्या लाँगप्ले ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या ऐकताना गाण्याइतकीच आठवण राहते ती टाळ्यांतून जाणवणाऱ्या, घरापासून दूर राहणाऱ्या माणसांच्या ओढीची. पॉप गायकाच्या मैदानी कार्यक्रमात दाद किंकाळीच्या रूपात येते एवढाच फरक आहे. गायक तिच्याकडे कान लावून असतो, आणि बुखारेस्टला ती दोन मिनिटे तो जे करत होता, ते माझ्या मते दाद मोजणेच होते.

ही समज मला पुस्तकातून आलेली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये सुगम संगीताच्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. मी मिक्सरमधून, म्हणजे सर्व माईकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून, थेट मुद्रण घेतले आणि प्रेक्षकांसाठी एकही माईक लावला नाही, कारण त्या वयात मला खोकले आणि कुजबुज म्हणजे घाण वाटत असे. कार्यक्रम अप्रतिम रंगला आणि शेवटच्या गाण्याला लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मुद्रण लावले, तर गायिका रिकाम्या खोलीत तालीम करत असल्यासारखी वाटत होती. दोन कडव्यांच्या मध्ये ती हसून थांबली होती, कारण समोर टाळ्या चालू होत्या. मुद्रणात त्या जागी नुसती शांतता होती आणि ती ओळ विसरली असावी असा समज होत होता. तिने ते ऐकले, काहीच बोलली नाही, आणि मला अजूनही त्या न बोलण्याचे वाईट वाटते. त्या दिवसापासून सर्वांत आधी मी प्रेक्षकांचे दोन माईक लावतो, मग बाकीचे.

मामांनी अंधेरीला जे ऐकले, त्यातला एखादा स्वर टेपवरून आलेला असेलही. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांचा आवाज मात्र टेपवरचा नव्हता, आणि त्यात मामांचाही आवाज होता.

प्रश्न : जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले, तेव्हा आम्ही वरच्या स्टँडमध्ये होतो. मी मोबाइलवर मुद्रण केले. पण घरी ऐकल्यावर बेसच्या जागी नुसती फडफड आणि आवाज सारखा वरखाली होणारा. शिवाय मैदानात बसलो असताना पडद्यावरील गायकाचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत असे वाटत होते. दोष कोणाचा?
(एक वाचक, नेरुळ)

उत्तर : दोष कोणाचाच नाही. आपल्याकडच्या तापमानाला हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो. रंगमंचापासून 100 मीटरवर बसले, तर आवाज जवळजवळ 0.29 सेकंद उशिरा पोचतो, प्रकाश मात्र त्याच क्षणी डोळ्यांत शिरतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्येमध्ये मनोरे उभारून त्यांवर स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडतात, म्हणजे रंगमंचावरून येणारा आणि मनोऱ्यावरून येणारा आवाज एकत्र कानी पडतो. पडद्यावरील चित्रही थोडे मागे ठेवता येते. पण पुढच्या रांगेला आणि शेवटच्या रांगेला एकाच वेळी जुळेल असे करणे निसर्गनियमाने शक्य नाही.

मोबाइलचे म्हणाल, तर त्याचा माईक संभाषणासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला, की तो स्वतःहून पातळी खाली ओढतो आणि आवाज थांबला की वर चढवतो, म्हणून वरखाली होते. बेसचा दाब त्याच्या क्षमतेबाहेर गेला की ध्वनिलहरीची टोके छाटली जातात आणि तीच फडफड आपण ऐकलीत. छाटलेले टोक मागाहून कोणत्याही ॲपने खऱ्या अर्थाने परत येत नाही. पुढच्या वेळी पातळी हाताने ठरवता येईल असे मुद्रणाचे ॲप घ्यावे, ती बरीच खाली ठेवावी, फोन हवेत न धरता छातीशी धरावा आणि माईकच्या भोकावर बोट येत नाही ना ते पाहावे. पूर्ण कार्यक्रम मुद्रित करण्याच्या भानगडीत पडू नये. एखादे गाणे, त्यातही लोक एकत्र गातात तेवढाच भाग घ्यावा; आपल्या शेजारच्या माणसांचा आवाज अधिकृत मुद्रणात कुठेही मिळणार नाही.

प्रश्न : संग्राहकांमध्ये ‘साउंडबोर्ड’ मुद्रण आणि ‘ऑडियन्स’ मुद्रण असे दोन प्रकार सांगतात. पहिले चांगले आणि दुसरे टाकाऊ, हे खरे का?
(एक वाचक, वाशी)

उत्तर : हा समज इतका पक्का झाला आहे, की तो मोडणे कठीण आहे, तरीही प्रयत्न करतो. साउंडबोर्ड म्हणजे मुख्य मिक्सरमधून थेट घेतलेले मुद्रण. त्यात गायकाचा शब्द न् शब्द स्पष्ट असतो. पण मिक्सरवरचा माणूस मुद्रणासाठी काम करत नसतो, समोरच्या जागेसाठी करत असतो. विष्णुदास भावे नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागेत ड्रम आणि गिटारचा ॲम्प्लिफायर यांचा स्वतःचाच आवाज पुरेसा मोठा असतो, त्यामुळे मिक्सरमधून ते फारच कमी सोडले जातात. साहजिकच मिक्सरमधून घेतलेल्या मुद्रणात गायक अंगावर येतो आणि ड्रम शेजारच्या इमारतीत वाजत असल्यासारखे वाटतात. मैदानात हा फरक कमी होतो, कारण तिथे सगळेच स्पीकरमधून जावे लागते. प्रेक्षकांत बसून जाणकाराने चांगल्या माईकांनी केलेले मुद्रण तोल आणि वातावरण या दोन्ही बाबतींत सरस निघू शकते. दोन्ही उपलब्ध असतील, तर वेळ जुळवून ते एकत्र करणे सर्वांत उत्तम.

गर्दी हाताबाहेर गेली की काय होते, याचे उदाहरण बीटल्सच्या, अमेरिकेतील हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागृहातील मुद्रणांचे आहे. 1964 आणि 1965 मध्ये ते कार्यक्रम तीन ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाले. समोर 17 हजारांहून अधिक लोक अखंड किंचाळत होते आणि रंगमंचावर कलावंतांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकरच नव्हते. टेप वर्षानुवर्षे पडून राहिली. पुढे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ती हाती घेतली, तेव्हा तीन ट्रॅकचे चालू यंत्र मिळवतानाच दमछाक झाली, आणि जे मिळाले ते इतके तापू लागले की व्हॅक्यूम क्लीनर उलटा चालवून त्यावर थंड हवा सोडावी लागली. ध्वनिमुद्रिका 1977 मध्ये निघाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसतानाही ते किती सुरात गात होते, हे तिच्यावरून कळते, आणि म्हणूनच ती मी पुन्हा पुन्हा ऐकतो.

प्रश्न : मायकल जॅक्सनच्या 1988 च्या वेम्बली कार्यक्रमाची डीव्हीडी मागवली. आवाज सुरेख आहे, पण चित्र इतके धूसर की नकली प्रत आली असे वाटले. परत करावी का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : परत करू नये. 16 जुलै 1988 चा तो कार्यक्रम प्रकाशित झाला 2012 मध्ये, ‘बॅड’ या त्याच्या संग्रहाला 25 वर्षे झाली त्या निमित्ताने. त्या रात्री स्टेडियममधील मोठ्या पडद्यावर जे चित्र दाखवले जात होते, त्याची व्हीएचएस टेप जॅक्सनने स्वतःला पाहण्यासाठी ठेवली होती आणि प्रकाशित चित्र त्या टेपवरूनच घेतले आहे. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांइतका तपशील मावतो, त्यामुळे कितीही साफसूफ केली तरी चेहरा रेखीव दिसत नाही. आवाज मात्र वेगळ्या ट्रॅकांवर मुद्रित झालेला होता, म्हणून तो टवटवीत राहिला. उजेड कमी करून, पडद्यापासून थोडे लांब बसून पाहावे. त्या रात्रीचा त्याचा आवाज बुखारेस्टपेक्षा मोकळा आहे असे मला वाटते, आणि श्वासाच्या ज्या खुणा मी वर सांगितल्या, त्या इथे भरपूर सापडतील.

प्रश्न : मी प्रत्यक्ष कार्यक्रमात केलेले मुद्रण इंटरनेटवर टाकले तर चालेल का? पैसे घेणार नाही.
(एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : टाकू नये. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 38 आणि 38-अ नुसार आपल्या सादरीकरणाचे मुद्रण करण्याचा आणि ते लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क कलावंताचा असतो, आणि तो सादरीकरणाच्या पुढील वर्षापासून 50 वर्षे टिकतो. गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क याहून वेगळे आहेत. पैसे न घेतल्याने यात फरक पडत नाही. कलम 39 मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला कलावंताच्या या हक्कापुरती सूट आहे. मात्र तिकिटावरील अटींत मुद्रणाला मनाई असेल, तर आयोजक आपल्याला थांबवू शकतात, म्हणून तिकीट आधी वाचावे. घरच्यांना ऐकवण्यासाठी मुद्रण जपून ठेवावे, आणि फाइलच्या नावात तारीख, मैदान आणि आपण कोणत्या स्टँडमध्ये बसला होतात, एवढे लिहून ठेवावे.